शुक्रवारचा रकाना

"थांबा भाऊ. पहिले त्यायले मले पाहू द्या."

टाकीसमोर उकिडवं बसून, दोन्ही हात पाठीमागे धरून तो हे म्हणायचा. दर वेळी. पाणी गढूळ का झालं, पंप का वाजतो, काहीही विचारा, उत्तर मिळायचं नाही. आधी मासे त्याला पाहणार, मग तो माशांना पाहणार, आणि त्यानंतर आमच्याकडे वळून एखादं वाक्य बोलणार. मी घड्याळ लावून मोजलं आहे. कमीत कमी चार मिनिटं, जास्तीत जास्त अकरा.

चंद्रपुरात एखाद्या दवाखान्यात किंवा लॉजच्या काउंटरमागे तुम्ही खाऱ्या पाण्याची माशांची टाकी पाहिली असेल, तर बहुधा त्यालाही पाहिलं असेल. उंच, थोडा वाकलेला, पांढरी दाढी, शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, सायकलच्या कॅरिअरला निळा टब बांधलेला. मूळ धंदा काच कापण्याचा. टाक्या बनवता बनवता तो त्यांतल्या माशांचंही पाहू लागला. गावातले लोक त्याला चाचा म्हणत. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावाचं माझ्या हातून एकदा पुरेसं नुकसान झालं आहे.

मी वनखात्याच्या आगारात लाकूड मोजतो. ओंडक्याची लांबी, गोलाई, त्यावरून घनमीटर. सव्वीस वर्षं हेच काम केल्यामुळे मोजल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. आमच्या दिवाणखान्यात दोनशे चाळीस लिटरची टाकी बसली, त्याच दिवशी मी एक वही घातली. सकाळ-संध्याकाळ तापमान, खारटपणा, किती पाणी आटलं, कोणता मासा काय खातो. ती वही पाहून चाचा हसायचा.

"भाऊ, हे मासे दहावीले बसले काय?"

"लिहिलेलं बरं असते, चाचा."

"लिवा न. पण त्यायले सांगू नका. टेन्शन घेईन."

खाऱ्या पाण्याचे मासे आमच्याकडे चेन्नईच्या गाडीने येतात. थर्माकोलच्या पेट्या बल्लारशाला उतरतात, आणि चाचा त्या स्वतः उतरवून घ्यायचा. हमालाला हात लावू द्यायचा नाही. मी एकदा विचारलं, "चाचा, तुम्ही समुद्र पाह्यला काय?"

"नाई जी. पाहून काय करू? दर दुसऱ्या शुक्रवारी चाळीस लिटर तर तुमच्याच घरी बनवतो."

ते खरं होतं. एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजनंतर, तो आमच्याकडे यायचा. त्या दुपारी मी अर्धी रजा टाकत असे. टाकीतलं चाळीस लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच नवीन घालायचं. फिल्टरचं पाणी मी आदल्या दिवशी भरून ठेवत असे. तो त्याच्या निळ्या टबात त्यात मीठ कालवायचा, पंप लावून दोन तास फिरवायचा आणि मग कपाकपाने टाकीत सोडायचा. त्याआधी आमच्या बेसिनवर हात कोपरापर्यंत धुवायचा. साबण नाही, नुसतं पाणी.

आता त्या दोन माशांबद्दल सांगतो. दुकानदार त्यांना क्लीनर रॅस म्हणतात. बोटाएवढा लांब, निळसर मासा, डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा. याचं काम म्हणजे दुसऱ्या माशांच्या अंगावरचे बारीक किडे आणि मेलेली कातडी खाणं. मोठमोठे मासे त्याच्यासमोर येऊन थांबतात, कल्ले उघडतात, तोंड उघडतात, आणि हा आत शिरून साफसफाई करून बाहेर येतो. माझा पिवळा मासा दगडावर अंग घासत होता. मी वाचलं, आणि ठरवलं की जोडी आणायची.

चाचा नको म्हणाला. तो सहसा नको म्हणत नसे.

"हे उपाशी मरते, भाऊ. यायची भाजी-भाकर दुसऱ्याच्या अंगावर राह्यते. तुमच्या टाकीत पाच मासे. पाच घरं मागून किती दिवस पोट भरन?"

मी ऐकलं नाही. शेवटी तो एका अटीवर तयार झाला. ते ताटातलं खायला लागेपर्यंत तो रोज येणार, आणि मी मध्ये बोलणार नाही.

अकरा दिवस तो रोज आला. मी त्या वेळी आगारात असायचो, त्यामुळे घरी माझी आई आणि तोच. आई तेव्हा एकोणऐंशीची. प्लास्टिकची खुर्ची टाकीसमोर ओढून ती दिवसभर तिथेच बसायची, आणि चाचा तिला मांजी म्हणायचा. इरई नदीतला एक रिकामा शिंपला, त्याच्या आत झिंगे अगदी बारीक वाटून लिंपलेले, तो शिंपला दोऱ्याने टाकीत सोडायचा आणि वाट पाहायची. पहिले दहा दिवस माशांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. अकराव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर दोघंही, म्हणजे आई आणि चाचा, तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगत होते. दोन्ही मासे शिंपल्याला टोचे मारत होते.

"खाल्लं," आई कुजबुजली. नातवंडाने पहिला घास घेतल्यावर तिचा चेहरा जसा झाला होता, तसाच तेव्हा झाला होता.

त्यानंतरचे पाच महिने आमच्या टाकीचे सगळ्यात चांगले दिवस होते. चाचाने त्या जोडीचं नाव सलूनवाले ठेवलं. पिवळा मासा त्यांच्यासमोर येऊन तिरपा उभा राहायचा, तशी चाचा स्वतःची मान वाकडी करून दाखवायचा. "पाहा, दाढी करून राह्यला. वरून मालिशही पाहिजे याले." खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर रोज संध्याकाळी पाहायला येत. त्यांची टाकीही चाचाच सांभाळायचा. आमची सोडून गावात त्याच्याकडे अशा सात टाक्या होत्या, आणि त्यांवरच त्याचं चालत होतं.

मग चैत्र लागला.

चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पाण्याचे पांढरे प्लास्टिकचे कॅन मी गॅलरीत ठेवत असे, ते दुपारी हाताला चटका देऊ लागले. तापलेल्या प्लास्टिकमधलं पाणी वाईट, हे मी दोन ठिकाणी वाचलं. आपलं पाणी तरी निर्दोष असावं, म्हणून मी आईच्या लग्नातले पाणी भरायचे दोन तांब्याचे गुंड माळ्यावरून काढले. प्रत्येकी वीस लिटरचे. आदल्या दिवशी चिंच आणि मीठ लावून ते आरशासारखे घासायचे, फिल्टरचं पाणी भरायचं, स्वयंपाकघरात ओट्याखाली गारव्याला ठेवायचं, आणि शुक्रवारी बादलीने दिवाणखान्यात आणून द्यायचं. तांब्यातलं पाणी शुद्ध असतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पाण्यातले क्षार मोजायचं मीटर लावून पाहिलं, अवघे नऊ. उत्तम. मी वहीत नऊ लिहिलं.

पहिल्या शुक्रवारनंतर तीन दिवसांनी टाकीतल्या सहा गोगलगायींपैकी चार मेल्या. पंधरा दिवसांनी उरलेल्या दोन आणि टाकीत पाळलेले दोन्ही झिंगे. तिसऱ्या खेपेनंतर एक सलूनवाला दगडाच्या फटीत जाऊन बसला, त्याचे कल्ले भराभर हलत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तो तळाशी पडलेला दिसला. मी चाचाला बोलावून घेतलं.

आई रडली. "माहीच नजर लागली. दिवसभर डोये लावून बसते म्हातारी, दुसरं काय होईन?"

"मांजी, नजरेनं मासा मरते काय? तुमी तर त्यायले जगवलं," चाचा म्हणाला. मग बराच वेळ टाकीसमोर बसून राहिला. उठला तेव्हा त्याने मला विचारलं, "भाऊ, पाणी कुठचं हाय?"

"तेच. फिल्टरचं. मीटरवर नऊ आहे, दाखवू?"

"मीटर नाई. भांडं पाहू द्या. कायात ठेवता?" आणि तो सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाला.

मी दारात आडवा झालो. हे मला नीट आठवतं, कारण माझा एक हात चौकटीवर होता.

"तिकडे नको, चाचा. आत देव आहेत. आईले चालत नाही."

आई एव्हाना मागच्या खोलीत जाऊन झोपली होती. चाचा दोन पावलांवर थांबला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "मंग तुमीच पाहा. पाण्यात काहीतरी हाय."

मी पाहिलं नाही. दोन्ही गुंड लखलखीत होते. त्यांच्यात पाहायचं काय?

त्याऐवजी मी वही पाहिली. रात्रभर नाही, जेवणानंतरच्या अर्ध्या तासात माझं काम झालं. मेलेल्या प्रत्येक जिवाची तारीख एका रकान्यात, चाचाच्या फेरीची तारीख दुसऱ्या रकान्यात. प्रत्येक मृत्यू शुक्रवारनंतर पाच दिवसांच्या आत. एकही अपवाद नाही. मग मला आठवलं की नमाजहून आलेल्या चाचाच्या कानात अत्तराचा बोळा असतो. हात धुतो, पण साबण लावत नाही. उत्तर मिळाल्यासारखं वाटलं, आणि ते ताळ्यालाही बसत होतं.

चौथ्या खेपेला दुसरा सलूनवाला मरणपंथाला लागला होता. दाताचे डॉक्टर वर आले होते. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "चाचा, तुमच्या अत्तराचं तर नाही हे?"

त्याने कानातला बोळा काढला, पाहिला, खिशात घातला.

"तुमच्यासमोर हात धुतो न, भाऊ."

"धुता. पण वास जात नाही."

"वास तर तुमच्या अगरबत्तीचाई नाई जात."

मला ते लागलं. मी वही उघडून त्याच्या पुढे धरली. डॉक्टर खांद्यावरून वाकून पाहत होते. चाचाने बोट फिरवत दोन्ही रकाने वाचले. त्याला मराठी चांगलं वाचता यायचं.

"तारखा बरोबर हायेत," तो म्हणाला. "माणूस चुकला."

त्याने टब कॅरिअरला बांधला आणि गेला. मासा संध्याकाळी मेला.

शहरातल्या टाकीवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, तेवीस जणांचा. मी तो तक्ता टंकून त्यावर टाकला. खाली लिहिलं : "केवळ वस्तुस्थिती म्हणून देत आहे. निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा." हे वाक्य मला तेव्हा न्याय्य वाटलं होतं. आरोप करायचा, आणि आपण आरोप केला नाही असं म्हणायची सोयही ठेवायची, यासाठी इतकं चांगलं वाक्य मला आयुष्यात दुसरं सुचलेलं नाही. चाचा ग्रुपवर नव्हता. महिन्याभरात त्याच्या सातपैकी पाच टाक्या गेल्या. उरलेल्या दोन त्यानेच सोडल्या, असं नंतर कळलं.

टाकीत पाच मासे उरले होते. मी पाणी स्वतः बदलायला सुरुवात केली. गुंड अधिकच कसून घासले. चौथ्या दिवशी पिवळा मासा मेला.

वहीत तारीख लिहिली. शेजारच्या रकान्यात, कोण आलं होतं, तिथे लिहिलं : कोणी नाही. पेन तिथेच थांबलं. ज्याला हिशेब येतो त्याला हेही येतं की एक गोष्ट वजा केली आणि उत्तर तेच राहिलं, तर कारण दुसरीकडे आहे. मग न बदललेलं काय होतं? मी उठून ओट्याखाली पाहिलं.

पाण्यातलं तांबं तपासायच्या औषधाची बाटली टपालाने मागवली. चिठ्ठीवर छापलं होतं की खाऱ्या पाण्याच्या टाकीत उत्तर शून्य हवं, तांबं अशा जिवांना विष आहे. आमच्या पाण्याचा रंग सोबतच्या रंगतक्त्यावरच्या शेवटून दुसऱ्या चौकोनाशी जुळला. क्षार मोजायचं माझं मीटर इतकं थोडं तांबं वेगळं दाखवतच नाही. घासून उजळलेल्या तांब्यातून ते पाण्यात जास्त उतरतं, आणि मी चिंच लावून घासत होतो. प्रत्येक वेळी शुक्रवारच्या आदल्या दिवशी.

चाचा गावात नव्हता. अहेरीला मुलीकडे राहायला गेला होता. मी बसने गेलो. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांमुळे रस्त्याकडेच्या सगळ्या पानांवर लाल धूळ होती. मुलीच्या घराच्या ओसरीवर तो खिडकीची काच कापत होता. मला पाहून त्याने हातातली हिरकणी खाली ठेवली.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गुंड, चिंच, चौकोनाचा रंग. तो ऐकत होता.

"तांबं," तो एवढंच म्हणाला. आणि मग, "पिवळाबी गेला?"

"गेला."

"चांगला होता. नखरेवाला." त्याने काचेवरची धूळ फडक्याने पुसली.

मी म्हणालो, "ग्रुपवर मी सगळं दुरुस्त करून टाकतो. आजच."

"ग्रुपवर नाई, भाऊ. कागदानं गेलं ते कागदानं नाई येत. सात घरं हायेत. तोंडानं सांगा."

"सांगतो. आणि तुम्ही परत या."

"आता नाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. निघताना मात्र त्याने थांबवलं. "मांजीले सांगतलं काय?"

"नाही. तिचे गुंड आहेत. तिला वाईट वाटेल."

"सांगा. तिले वाटून राह्यलं असन का तिच्याच नजरेनं मेले."

मी सातही ठिकाणी गेलो. नऊ दिवस लागले. डॉक्टरांकडे टाकीच्या जागी आता वाट पाहणाऱ्यांसाठी टीव्ही आहे. लॉजवाल्याने टाकीत प्लास्टिकची फुलं भरली आहेत. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, होते असं कधी कधी." मिठाईवाल्याला तर आधी आठवेनाच, मी कशाबद्दल बोलतो आहे ते. मी प्रत्येकाला तेच सांगितलं : चूक माझी होती, त्याची नव्हती. सातांपैकी एकाकडेही आता खारं पाणी नव्हतं. त्याला परत बोलावण्यासारखं कोणाकडे काही उरलं नव्हतं.

राहिली होती आई. एका दुपारी ती भाजी निवडत असताना मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं.

"म्हणजे माही नजर नाई?" तिने दोनदा विचारलं. मग बराच वेळ मेथीची पानं खुडत राहिली. "पण तो तर दर खेपेले येत होता. त्याच्या डोयाले गुंड दिसले कसे नाई?"

"तो आत येत नव्हता."

"काऊन?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. या वयातही तिला चष्म्याशिवाय दूरचं स्वच्छ दिसतं.

"मीच थांबवलं होतं," मी म्हणालो. "तुले चालत नाही म्हणून सांगितलं."

"मी कधी म्हटलं?"

नव्हतं म्हटलं. मी तिला विचारलंही नव्हतं. इतके महिने मी स्वतःलाही हेच सांगत आलो होतो की म्हातारं माणूस आहे, तिच्यासाठी करावं लागतं.

"फोन लाव त्याले," ती म्हणाली. "आत्ता लाव. अन् मोठ्यानं लाव, मले कानाशी धरून ऐकू येत नाई."

मी फोन लावून तिच्यासमोर टोपलीवर ठेवला. दोन-तीन रिंगांनंतर पलीकडून "हां, बोला भाऊ," ऐकू आलं. मागे कुठेतरी ट्रक जात होता.

"भाऊ नाई, मी हाओ," आई म्हणाली. "चाचा, ते अकरा दिवस तुमी माह्या सैपाकघरात, माह्या पाट्यावर झिंगे वाटले. मी शेजारी बसून लसूण सोललं. अन् हा म्हणते का यानं तुमाले सांगतलं, मले चालत नाई?"

मला हे माहीत नव्हतं. मी आगारात असायचो.

पलीकडे ट्रकचा आवाज विरला.

"हो जी, मांजी. पण मले मालूम होतं का हे तुमचं बोलणं नोय."

"मंग तवाच काऊन नाई बोलले?"

"कसा बोलू जी," तो म्हणाला, "भाऊ समोरच उभे होते न."